खरेदीचं इंग्रजी: शब्द आहेतच, आता वाक्यं जोडूया

साईज, डिस्काउंट, सेल, ऑफर, बिल, ब्रँड, कॅश, कार्ड, स्टॉक. मराठी बोलताना आपण हे शब्द दिवसभर वापरतो. इंग्रजी फारसं न शिकलेला माणूसही ‘स्टॉक संपलाय’ सहज म्हणून जातो. म्हणजे खरेदीपुरता इंग्रजी शब्दसाठा आपल्याकडे बराचसा आधीच जमा आहे. तरीही इंग्रजी बोलणाऱ्या विक्रेत्यासमोर उभं राहिलं की वाक्य जुळत नाही, आणि जुळलंच तर ते अर्जातल्यासारखं वाटतं किंवा हुकूम सोडल्यासारखं ऐकू येतं.

अडचण आहे ती शब्दांच्या संगतीची. कोणता शब्द कोणाच्या जोडीनं येतो, हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं. ‘हे कसं दिलं?’ हा आपला प्रश्न घ्या. शब्दाला शब्द लावून तो इंग्रजीत नेला तर ‘हाऊ डिड यू गिव्ह धिस?’ होईल आणि समोरचा नुसता बघत राहील. इंग्रजीत त्या जागी ‘हाऊ मच इज धिस?’ हे अख्खं वाक्य तयार आहे. ‘कसं’चं काय आणि ‘दिलं’चं काय, हे शोधत बसायचंच नाही. जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञानं १९५७ मध्ये हेच मांडलं होतं: शब्द ओळखायचा असेल तर तो कुणाच्या सोबतीत वावरतो ते बघा. खरेदीचं इंग्रजी शिकताना एवढी एक गोष्ट धरून ठेवली तरी पुष्कळ काम होतं.

पायरी पहिली: एकच खरेदी निवडा

खरेदीचे शंभर शब्द यादी करून पाठ करायचा मोह होतो. पाठ होतातही, पण ऐन वेळी तोंडात येत नाहीत, कारण यादीतला शब्द एकटा असतो. त्यापेक्षा या आठवड्यात तुम्ही खरोखर करणार आहात अशी एकच खरेदी डोळ्यांपुढे आणा. शर्ट, फोनचा चार्जर, मुलाचे बूट, काहीही. त्या खरेदीत तुम्ही मराठीत काय काय बोलता ते क्रमानं लिहून काढा. शर्टाचं साधारण असं होईल:

नुसतं बघतोय. यात मोठा साईज आहे का? घालून बघू का? खांद्यात घट्ट होतोय. दुसऱ्या रंगात आहे का? केवढ्याला आहे? ठीक आहे, हाच द्या. कार्ड चालेल का?

आता हीच आठ वाक्यं इंग्रजीत:

‘आयम जस्ट लुकिंग, थँक्स.’ ‘डू यू हॅव धिस इन अ लार्जर साईज?’ ‘कॅन आय ट्राय इट ऑन?’ ‘इट्स अ बिट टाइट अक्रॉस द शोल्डर्स.’ ‘डू यू हॅव इट इन अनदर कलर?’ ‘हाऊ मच इज इट?’ ‘ओके, आयल टेक इट.’ ‘कॅन आय पे बाय कार्ड?’

यात एकही अवघड शब्द नाही. लक्ष द्यायचं ते मधल्या बारक्या शब्दांकडे. साईज असो की रंग, दोन्हींच्या आधी ‘इन’ येतो: ‘इन मीडियम’, ‘इन ब्लू’. अंगावर घालून बघायचं असेल तर ‘ट्राय’च्या पाठोपाठ ‘ऑन’ लागतो. कार्डानं पैसे देताना ‘बाय कार्ड’, रोख देताना ‘इन कॅश’. म्हणून वहीत ‘ट्राय म्हणजे प्रयत्न करणे’ असं लिहून ठेवू नका. ‘घालून बघू का?’ आणि त्यासमोर ‘कॅन आय ट्राय इट ऑन?’ असं पूर्ण वाक्य लिहा. वही भरायला वेळ लागेल, पण त्यातलं प्रत्येक वाक्य दुकानात जसंच्या तसं वापरता येईल.

एक खरेदी पक्की झाली की मगच दुसरी घ्या. शर्टाची निम्मी वाक्यं बुटांना चालतात, हे तुमच्या लगेच लक्षात येईल.

पायरी दुसरी: आत शिरल्यावरची पहिली वाक्यं

बरेच जण इथेच बिचकतात, कारण पहिलं वाक्य समोरून येतं. ‘हाय, कॅन आय हेल्प यू?’ हे ओळखीचं आहे. पण ‘आर यू लुकिंग फॉर एनीथिंग इन पर्टिक्युलर?’ किंवा ‘आर यू ओके देअर?’ असंही विचारतात. या शेवटच्या प्रश्नाचा तब्येतीशी संबंध नाही. काही मदत हवी आहे का, एवढंच त्यांना विचारायचं असतं. ‘हाऊ आर यू?’लाही सविस्तर उत्तराची अपेक्षा नसते. ‘गुड, थँक्स. हाऊ आर यू?’ म्हणायचं आणि पुढे जायचं.

मदत नको असेल तर ‘आयम जस्ट लुकिंग, थँक्स’ किंवा ‘जस्ट ब्राउझिंग, थँक्स’. यातलं ‘थँक्स’ गाळू नका. नुसतं ‘नो’ म्हटलं की दार लावून घेतल्यासारखं वाटतं. मदत हवी असेल तर ‘येस, आयम लुकिंग फॉर अ फोन चार्जर’. एखादी वस्तू त्या दुकानात मिळते की नाही हेच माहीत नसेल तर ‘डू यू सेल अम्ब्रेलाज?’

स्वतःहून कुणाला हाक मारायची वेळ आली तर आपल्याला दादा, काका, ताई, मावशी असं काहीतरी तोंडात हवं असतं. इंग्रजीत तसं नातं जोडून हाक मारत नाहीत. ‘सर’ आणि ‘मॅडम’ हेही बहुतेक वेळा विक्रेता गिऱ्हाइकाला म्हणतो, गिऱ्हाईक विक्रेत्याला नाही. तिथे ‘एक्सक्यूज मी’ एवढं पुरतं. ते ‘सॉरी’सारखं खाली मान घालून म्हणायचं नसतं. मोकळेपणानं, किंचित वरच्या सुरात म्हणायचं.

उत्तरात वाट सांगितली जाईल. मोठ्या दुकानात दोन मांडण्यांमधल्या बोळाला ‘आइल’ म्हणतात. त्याच्या स्पेलिंगमध्ये ‘एस’ आहे, पण तो उच्चारात येत नाही. ‘आइल सेव्हन, ऑन युअर लेफ्ट’, ‘अॅट द बॅक ऑफ द स्टोअर’, ‘ऑन द टॉप शेल्फ’, ‘नेक्स्ट टू द चेकआउट’ अशी ती उत्तरं असतात. ही वाक्यं तुम्ही फारशी बोलणार नाही, पण ऐकून ओळखता आली पाहिजेत. न कळल्यास शेवटचा तुकडा प्रश्नासारखा परत म्हणा: ‘सॉरी, आइल सेव्हन?’ समोरचा हो म्हणेल किंवा दुरुस्त करेल. ‘आय डोन्ट अंडरस्टँड’पेक्षा हे फार बरं, कारण संभाषण तुटत नाही आणि नेमकं काय ऐकू आलं हे त्याला कळतं.

पायरी तिसरी: ‘दाखवा’, ‘द्या’ आणि ‘पाहिजे’

या पायरीवर जरा जास्त वेळ थांबा. मला विचाराल तर सगळ्यात मोठा फरक इथे पडतो.

मराठीत आदर क्रियापदातच असतो. ‘दे’ आणि ‘द्या’ यांत जो फरक आहे तो एका मात्रेत होऊन जातो. पुढे ‘ना’ लावला, ‘जरा’ लावलं की वाक्य आणखी मऊ होतं: ‘जरा तो वरचा दाखवा ना.’ इंग्रजी क्रियापदाला अशी सोय नाही. ‘शो मी धॅट वन’ म्हटलं की ते आपल्या ‘दाखवा’सारखं ऐकू येत नाही, ‘दाखव’सारखं ऐकू येतं. मनात आदर पुरेपूर असतो, पण तो वाक्यात उतरलेलाच नसतो.

इंग्रजीत तो आदर प्रश्नाच्या रूपात आणि ‘कुड’ किंवा ‘कॅन’मध्ये असतो. म्हणून ‘तो दाखवा ना’ म्हणजे ‘कुड आय सी धॅट वन, प्लीज?’ किंवा ‘कॅन आय हॅव अ लुक अॅट धॅट वन?’ गंमत अशी की दाखवण्याचं काम विक्रेत्याचं असलं तरी वाक्य ‘आय’पासून सुरू होतं. आपण त्याला काही करायला सांगत नाही, स्वतःला बघायला मिळेल का असं विचारतो. ‘द्या’चंही तसंच: ‘गिव्ह मी टू’ऐवजी ‘कॅन आय हॅव टू ऑफ धीज, प्लीज?’

‘पाहिजे’साठी ‘आय वॉन्ट’ पटकन सुचतं. व्याकरणात ते बरोबर आहे, पण दुकानात ते हट्टासारखं ऐकू येतं. ‘आयड लाइक’, ‘आयम लुकिंग फॉर’ किंवा ‘आय नीड’ वापरा. दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. ‘काइंडली शो मी’ हे पत्रातलं इंग्रजी आहे. ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड पॉसिबली’ एवढी लांब प्रस्तावना एका साबणासाठी लागत नाही. ‘कॅन’ रोजचा, ‘कुड’ थोडा अधिक अदबीचा. या दोघांवर आयुष्य निघेल.

सराव असा करा. दिवसभरात मराठीत कुणाला ‘द्या’, ‘दाखवा’, ‘सांगा’, ‘काढा’ म्हणालात की मनातल्या मनात तेच वाक्य ‘कॅन आय’ किंवा ‘कुड यू’ लावून इंग्रजीत म्हणा. ‘जरा पिशवी द्या’ म्हणजे ‘कॅन आय हॅव अ बॅग, प्लीज?’ ‘नीट गुंडाळून द्या’ म्हणजे ‘कुड यू रॅप इट, प्लीज?’ काही दिवसांत हे वळण जिभेला लागतं. पहिल्या वाक्यातला ‘अ’ बघा. मराठीत त्याच्यासारखं काही नसल्यामुळे आपण ‘कॅन आय हॅव बॅग’ म्हणून जातो. ‘अ बॅग’ हा एकच शब्द आहे असं समजून पाठ केलं की तो सुटत नाही.

पायरी चौथी: अंगावर घालून बघताना

फिट, सूट, मॅच हे तिन्ही शब्द मराठीत आले आहेत आणि आपण ते बरेचदा सरमिसळ करून वापरतो. इंग्रजीत त्यांची कामं वेगवेगळी आहेत. माप बरोबर असेल तर ‘इट फिट्स’. तुम्हाला शोभत असेल तर ‘इट सूट्स यू’. दोन कपड्यांचा रंग किंवा नक्षी जुळत असेल तर ‘दे मॅच’. आणि रंग वेगळे असूनही एकत्र चांगलं दिसत असेल तर ‘इट गोज विथ युअर शूज’. एखादा शर्ट मापाला नेमका बसून तुम्हाला अजिबात शोभणार नाही, असं होऊ शकतं. तेव्हा ‘इट फिट्स, बट इट डझन्ट रिअली सूट मी’.

कपडे घालून बघायच्या खोलीला आपण ‘ट्रायल रूम’ म्हणतो. ते भारतीय इंग्रजी झालं. इतरत्र ‘फिटिंग रूम’ म्हणा, सगळीकडे समजतं. ‘चेंजिंग रूम’ ब्रिटनमध्ये जास्त ऐकू येतं.

तक्रार सांगताना ‘अ बिट’ हा जोडशब्द फार कामाचा. ‘अ बिट लाँग’, ‘अ बिट लूज’, ‘अ बिट टाइट अराउंड द वेस्ट’. ‘एक नंबर मोठा द्या’ याला ‘वन नंबर बिग’ चालत नाही. ‘डू यू हॅव द नेक्स्ट साईज अप?’ असं विचारतात, आणि लहान हवा असेल तर ‘द नेक्स्ट साईज डाउन’.

कापड घेताना आपण हमखास दोन प्रश्न विचारतो आणि पुस्तकांत ते क्वचितच सापडतात. ‘रंग जाईल का?’ म्हणजे ‘विल द कलर रन?’ ‘धुतल्यावर आटेल का?’ म्हणजे ‘विल इट श्रिंक इन द वॉश?’ इथे ‘रन’चा धावण्याशी संबंध जोडू नका, आणि ‘जाईल’साठी ‘गो’ही शोधू नका. वाक्यच तेवढं उचला.

निर्णय सांगताना ‘आयल टेक इट’. इथे ‘टेक’ बरोबर. पण घरी येऊन ‘हा शर्ट काल घेतला’ सांगताना ‘आय टुक धिस शर्ट यस्टरडे’ म्हटलंत तर ऐकणाऱ्याला वाटेल, उचलून आणला. मराठीतलं ‘घेणे’ दोन्ही कामं करतं, इंग्रजीतलं ‘टेक’ करत नाही. झालेल्या खरेदीसाठी ‘आय बॉट’ किंवा गप्पांमध्ये ‘आय गॉट’ म्हणा. ‘आय परचेस्ड’ही बरोबरच, पण ते पावतीवर आणि कागदपत्रांत शोभतं. मैत्रिणीला सांगताना नको.

घ्यायचं नसेल तेव्हा ओशाळायचं कारण नाही. ‘आयल लीव्ह इट, थँक्स’ किंवा ‘आयल थिंक अबाउट इट’. परवडत नसेल तर ‘इट्स अ बिट मोर दॅन आय वॉन्टेड टू स्पेंड’.

पायरी पाचवी: किंमत विचारा, आणि उत्तर नीट ऐका

‘हाऊ मच इज धिस?’ हा सगळ्यात सरळ प्रश्न. ‘व्हॉट्स द प्राइस?’ही चालतो. मात्र दोन्हींची खिचडी करून ‘हाऊ मच इज द प्राइस?’ करू नका. ‘रेट’ हा शब्द आपल्या तोंडात भाव या अर्थानं बसलेला आहे, पण इंग्रजीत रेट म्हणजे व्याजाचा, चलनाचा किंवा तासाचा दर. वस्तूला प्राइस असते.

अनेकवचनाकडे लक्ष द्या. आपण ‘ही पँट केवढ्याला?’ म्हणतो, पण इंग्रजीत पँट, कात्री आणि चष्मा ही सगळी अनेकवचनं आहेत: ‘हाऊ मच आर धीज ट्राउझर्स?’ एका नगाची किंमत हवी असेल तर शेवटी ‘ईच’ जोडा: ‘हाऊ मच आर धीज ईच?’

वस्तू महाग किंवा स्वस्त असते, किंमत जास्त किंवा कमी असते. म्हणजे ‘द शूज आर एक्स्पेन्सिव्ह’ पण ‘द प्राइस इज हाय’. ‘द प्राइस इज एक्स्पेन्सिव्ह’ ऐकायला खटकतं. ‘चीप’ शब्द जपून वापरा. त्यात हलक्या दर्जाचा वास येतो, म्हणून भेटवस्तू देणाऱ्याला तर तो कधीच ऐकवू नका. चांगल्या अर्थानं म्हणायचं असेल तर ‘रीझनेबल’ किंवा ‘गुड व्हॅल्यू’.

आता ऐकण्याचं. छापील ४.९९ ही किंमत बोलताना ‘फोर नाइन्टी नाइन’ होते, १२.५० ‘ट्वेल्व्ह फिफ्टी’ आणि १.०५ ‘वन ओ फाइव्ह’. चलनाचं नाव बहुतेक वेळा गाळलेलं असतं. सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’त. किंमत सांगताना पहिल्यात जोर सहसा शेवटच्या लांब ‘टीन’वर असतो, दुसऱ्यात सुरुवातीच्या ‘फिफ्’वर. शंका आली की गप्प बसू नका, सरळ विचारा: ‘सॉरी, वन फाइव्ह ऑर फाइव्ह झीरो?’ असं विचारण्यात कमीपणा काहीच नाही, इंग्रजी मातृभाषा असलेली माणसंही विचारतात.

सेलच्या बाबतीत दोन ओळखी पक्क्या हव्यात. ‘फॉर सेल’ म्हणजे विक्रीला आहे, इतकंच. अमेरिकेत ‘ऑन सेल’ म्हणजे सवलतीत आहे. ब्रिटनमध्ये मात्र ‘ऑन सेल’चा अर्थ नुसता बाजारात उपलब्ध असाही होतो, आणि सवलतीतल्या वस्तूसाठी ‘इन द सेल’ म्हणतात. ‘सेल लागलाय’ म्हणजे ‘देअर्स अ सेल ऑन’.

पाट्यांवर ‘ट्वेन्टी पर्सेंट ऑफ’ म्हणजे २० टक्के सूट. आधी ‘अप टू’ असेल तर ‘पर्यंत’ असं वाचा, म्हणजे तुमच्या आवडीच्या वस्तूवर कदाचित पाचच टक्के असतील. ‘व्हाइल स्टॉक्स लास्ट’ म्हणजे माल असेपर्यंत. अमेरिकेत ‘फायनल सेल’ किंवा ‘ऑल सेल्स फायनल’ ही पाटी दिसली तर थांबून विचार करा. त्याचा अर्थ, घेतलेला माल परत घेतला जाणार नाही.

‘बार्गेन’चं थोडं वेगळं आहे. आपल्याला बार्गेनिंग म्हणजे घासाघीस एवढंच माहीत असतं. पण ‘इट वॉज अ बार्गेन’ म्हणजे स्वस्तात छान मिळालं. घासाघीस करणं याला ‘हॅगल’ हा नेमका शब्द आहे. जिथे भाव ठरलेले नसतात तिथे ‘काही कमी करा ना’साठी ‘कॅन यू डू अ बेटर प्राइस?’ किंवा ‘इज धॅट युअर बेस्ट प्राइस?’ चांगलं. ‘मेक इट लेस’ म्हणू नका. आणि ‘धॅट्स अ रिप-ऑफ’, म्हणजे ही तर लूट आहे, हे बाहेर आल्यावर मित्राला सांगायचं वाक्य. विक्रेत्याच्या तोंडावर ते भांडणच होईल.

पायरी सहावी: काउंटरवर

ही खरं तर सोपी पायरी, कारण इथले प्रश्न ठरलेले असतात आणि बहुतेक एकाच क्रमानं येतात. रांगेत उभं राहण्याआधी ‘एक्सक्यूज मी, आर यू इन द क्यू?’ असं विचारा. अमेरिकेत ‘इन लाइन?’ पुढे गेल्यावर ‘डू यू नीड अ बॅग?’ याला ‘येस, प्लीज’ किंवा ‘नो, आयम फाइन, थँक्स’. ‘एनीथिंग एल्स?’ याला ‘नो, धॅट्स ऑल, थँक्स’. ‘डू यू हॅव अ लॉयल्टी कार्ड?’ म्हणजे नेहमीच्या गिऱ्हाइकांना दुकान देतं ते कार्ड आहे का. नसेल तर ‘नो, आय डोन्ट’. ‘कॅश ऑर कार्ड?’ याला नुसतं ‘कार्ड, प्लीज’. इथे पूर्ण वाक्य बोलायचा अट्टाहास नको. शाळेत पूर्ण वाक्यात उत्तर द्यायची सवय लागलेली असते, पण ‘आय वुड लाइक टू पे विथ माय कार्ड’पेक्षा दोन शब्दांचं उत्तर जास्त सहज आहे. पैसे किंवा कार्ड पुढे करताना ‘हिअर यू गो’.

‘चेंज’ म्हणजे सुट्टे पैसेही आणि परत मिळालेले उरलेले पैसेही. विक्रेता ‘डू यू हॅव एनीथिंग स्मॉलर?’ म्हणाला तर तो छोटी नोट मागतोय. हिशेब चुकला असं वाटलं तर आरोप न करता ‘सॉरी, आय थिंक यूव्ह गिव्हन मी द राँग चेंज’.

‘बिल’ आणि ‘रिसीट’ही वेगळे ठेवा. पैसे भरल्यावर हातात येते ती रिसीट, आणि दुकानात तीच मागायची: ‘कॅन आय हॅव द रिसीट, प्लीज?’ त्यातला ‘पी’ उच्चारू नका. उच्चारांचा विषय निघालाच आहे तर आणखी दोन: कपडे म्हणजे ‘क्लोद्झ’, ‘क्लोथेस’ नाही. आणि ‘परचेस’ला आपण ‘परचेज’ करतो, खरा उच्चार ‘परचस’च्या जवळचा आहे.

पायरी सातवी: घरी बसून सराव

माझ्या मते यासाठी सगळ्यात चांगलं साहित्य म्हणजे ऑनलाइन दुकानांवरचे ग्राहकांचे अभिप्राय. खरी माणसं, रोजची भाषा, छोटी वाक्यं, आणि वस्तू तुमच्या ओळखीची. तुम्ही स्वतः वापरता अशीच एखादी वस्तू शोधा, म्हणजे अर्थ आपोआप लागतो. ‘ट्रू टू साईज’ म्हणजे लिहिलंय तेच माप निघालं. ‘रन्स स्मॉल’ म्हणजे नेहमीपेक्षा लहान बसतं. ‘डझ द जॉब’ म्हणजे काम भागतं. ‘फ्लिम्झी’ म्हणजे तकलादू, ‘स्टर्डी’ म्हणजे दणकट. ‘नॉट वर्थ द मनी’ म्हणजे पैसे वाया. मग त्याच धाटणीत तुमच्या घरातल्या एखाद्या वस्तूवर चार ओळी लिहा आणि मोठ्यानं वाचा.

दुसरं, खरेदीची यादी इंग्रजीत करा, आणि नुसतं ‘सोप’ न लिहिता मापासकट लिहा. मराठीत साबणाची वडी, चपलांचा जोड, फुलांचा गुच्छ असतो, तसेच इंग्रजीतही प्रत्येकाचे आपापले जोडीदार आहेत: ‘अ बार ऑफ सोप’, ‘अ पेअर ऑफ सँडल्स’, ‘अ बंच ऑफ फ्लॉवर्स’, ‘अ ट्यूब ऑफ टूथपेस्ट’, ‘अ रोल ऑफ टेप’. घरात काही संपलं की ‘वीव्ह रन आउट ऑफ सोप’ म्हणायची सवय लावा. बाहेर पडताना ‘आयम गोइंग शॉपिंग’ म्हणा. मध्ये ‘टू’ घालू नका, आणि ‘मार्केटिंगला चाललोय’ तर नकोच, तो वेगळाच व्यवसाय आहे.

तिसरं, उजळणी. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्ये स्वतःवर केलेले स्मरणशक्तीचे प्रयोग प्रसिद्ध केले. शिकलेलं सुरुवातीला झपाट्यानं विसरतं आणि मग तो वेग मंदावतो, हे त्यातून दिसलं. म्हणून एकाच बैठकीत एक वाक्य वीस वेळा घोकण्यापेक्षा त्याच संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी असं म्हणा. म्हणताना मराठी बाजू बघा आणि इंग्रजी आठवा, उलट नको, कारण दुकानात मनात आधी मराठीच येणार आहे. घरात कुणी तयार असेल तर त्याला विक्रेता करा, आणि मुद्दाम ‘सॉरी, वी आर आउट ऑफ स्टॉक’ म्हणायला सांगा. अडवणूक झाली की सराव खरा होतो. मग तुम्हाला ‘व्हेन विल यू हॅव मोर इन?’ असं विचारावं लागेल.

एक सल्ला आवर्जून: ‘इट कॉस्ट्स अॅन आर्म अँड अ लेग’ (म्हणजे फारच महाग आहे) यासारखे नटवे वाक्प्रचार सध्या बाजूला ठेवा. ते समजले की पुरे. साधं ‘इट्स अ बिट एक्स्पेन्सिव्ह’ नीट, वेळेवर आलं तर ते कितीतरी जास्त सहज वाटतं.

पायरी आठवी: परत करायला जाताना

हे शेवटी ठेवलं, कारण इथे दोन-तीन वाक्यं सलग बोलावी लागतात. तीन शब्द वेगळे ओळखा. वस्तू परत करणं म्हणजे ‘रिटर्न’, बदलून घेणं म्हणजे ‘एक्स्चेंज’, पैसे परत मिळणं म्हणजे ‘रिफंड’. ‘रिटर्न बॅक’ म्हणू नका, परतपणा ‘रिटर्न’मध्येच आहे.

आधी हेतू, मग कारण, मग मागणी असा क्रम ठेवा. ‘हाय, आयड लाइक टू रिटर्न धिस, प्लीज. आय बॉट इट लास्ट वीक, बट इट डझन्ट वर्क. हिअर्स द रिसीट.’ इथे थांबा आणि विक्रेत्याला बोलू द्या. तो ‘वुड यू लाइक अ रिफंड ऑर अॅन एक्स्चेंज?’ असं विचारण्याची शक्यता मोठी आहे. नाहीच विचारलं तर ‘कुड आय गेट अ रिफंड?’ किंवा ‘कुड आय एक्स्चेंज इट फॉर अ डिफरंट वन?’ तो ‘वी कॅन ओन्ली गिव्ह यू स्टोअर क्रेडिट’ म्हणाला, तर पैसे हातात मिळणार नाहीत, तेवढ्या रकमेची दुसरी खरेदी त्याच दुकानात करावी लागेल.

कारणांची चार वाक्यं तयार ठेवली की बहुतेक प्रसंग निभावतात: ‘इट डझन्ट फिट’, ‘इट डझन्ट वर्क’, ‘देअर्स अ पार्ट मिसिंग’ आणि ‘इट केम डॅमेज्ड’. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूसाठी आणखी दोन जोडा: ‘माय ऑर्डर हॅझन्ट अराइव्ह्ड येट’ आणि ‘आय रिसीव्ह्ड द राँग आयटम’. लेखी तक्रार करतानाही हीच वाक्यं चालतात. वर ऑर्डरचा नंबर, त्याखाली यातलं एक वाक्य, त्याखाली ‘कुड यू प्लीज सेंड अ रिप्लेसमेंट?’ किंवा ‘आयड लाइक अ रिफंड, प्लीज’. वस्तूचा फोटो जोडा आणि पाठवून द्या.